बायकांचा बँड

आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये बाई कधी दिसत नाही. क्लॅरिनेट शिकायचंय म्हणणाऱ्या एका मुलीला परवा घरच्यांनी गप्प केलं, तेव्हा मला ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’ आठवल्या. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत पायनी वूड्स शाळेसाठी पैसे उभे करायला निघालेला हा मुलींचा स्विंग बँड. ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम, सगळं त्याच वाजवायच्या आणि समोर जोडपी नाचायची. काळ्या-गोऱ्या बायकांचं एकत्र वाजवणं दक्षिणेतल्या कायद्यात बसेना, म्हणून गोऱ्या मुली चेहऱ्याला गडद रंग फासायच्या. हॉटेलं दारात उभं करेनात, मग झोपायचं बसमध्येच! १९४५ मध्ये तर युरोपात सैनिकांसमोर वाजवून आल्या.

त्या मुलीच्या आईला हे सांगितलं. तर म्हणते, ‘‘ताई, पण त्यांची लग्नं झाली का हो?’’

झाली की! बँड चालवणाऱ्या ॲना मे विनबर्नचंसुद्धा झालं.

क्लॅरिनेटचं मी बघते म्हटलं.