पडलेला चित्रपट कोणी पाडला?

ऐंशीच्या दशकातील हॉलिवुडच्या पडेल चित्रपटांविषयी एक ठरीव कथा सांगितली जाते. दिग्दर्शक यशाने उन्मत्त झाला, त्याने पैसा पाण्यासारखा ओतला, प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि स्टुडिओ बुडाला. ह्या कथेतला खलनायक बहुधा मायकेल सिमिनो असतो आणि चित्रपट 'हेवन्स गेट'. आमच्या मते ही कथा अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी सोयीची आहे.

खऱ्या अर्ध्याबद्दल वाद नाही. 'द डियर हंटर'ला १९७९ मध्ये पाच ऑस्कर मिळाल्यावर सिमिनोला आवरणारे कोणी उरले नाही. सुमारे १ कोटी १६ लाख डॉलरचे अंदाजपत्रक ४ कोटी ४० लाखांच्या घरात गेले. रस्ता अरुंद वाटला म्हणून उभारलेला देखावा दोन्ही बाजूंनी पाडून पुन्हा बांधायला लावल्याचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. ह्या माणसाची वकिली करण्याचा आमचा विचार नाही.

परंतु थैली कोणाच्या हाती होती? १९७८ च्या आरंभी आर्थर क्रिम व त्यांचे अनुभवी सहकारी मालक कंपनी ट्रान्सअमेरिकाशी बिनसल्यामुळे युनायटेड आर्टिस्ट्समधून बाहेर पडले आणि त्यांनी ओरायन ही नवी संस्था काढली. मागे उरलेल्या नवख्या व्यवस्थापनाला आपली पत सिद्ध करण्यासाठी एखादे मोठे नाव हवे होते. म्हणून १९७९ चा नाताळ गाठण्यासाठी होणारा जादा खर्च करारभंग मानला जाणार नाही, अशी मुभा सिमिनोला लिहून देण्यात आली. त्या व्यवस्थापनातल्याच स्टीव्हन बाक यांनी 'फायनल कट' (१९८५) ह्या पुस्तकात ही सारी हकिगत मांडली आहे. एवढे लिहून दिल्यावर लगाम कुठला ओढणार? आणि नाताळ तो नाताळ, पुढचे जवळजवळ संपूर्ण वर्षही हुकलेच.

प्रेक्षकांनी पाठ फिरवली, हे विधान तर तपासूनच घ्यावे. नोव्हेंबर १९८० मध्ये २१९ मिनिटांचा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये जेमतेम आठवडाभर चालला. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये व्हिन्सेंट कॅन्बी यांनी त्याची सालटी काढली आणि सिमिनोच्याच विनंतीवरून तो मागे घेण्यात आला. एप्रिल १९८१ मध्ये देशभर गेली ती १४९ मिनिटांची कापलेली प्रत. अमेरिकेतील गल्ला सुमारे ३५ लाख डॉलर. साहित्याच्या अभ्यासकाला येथे पाठभेदाचा प्रश्न पडलाच पाहिजे: प्रेक्षकांनी नाकारली ती नेमकी कोणती संहिता? मूळ संहिता त्यांच्यापुढे आलीच नव्हती. (१८९२ च्या वायोमिंगमधील पशुधनिक आणि स्थलांतरित शेतकरी ह्यांच्या संघर्षावरचा हा चित्रपट रेगन निवडून आल्यावर दोनच आठवड्यांत आला, म्हणून तो पडला, असेही म्हटले जाते. हे आम्हांला फार गोंडस वाटते. आठवडाभराच्या प्रदर्शनातून राष्ट्राचा राजकीय कल मोजता येत नाही.) २०१२ मध्ये पुनरुज्जीवित दीर्घ प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा कुठे पुनर्मूल्यांकनाला आधार मिळाला.

'ब्लेड रनर'चेही थोड्याफार फरकाने तेच. जून १९८२ मध्ये, 'ई. टी.'नंतर दोन आठवड्यांनी, तो आला. आणि तोही स्टुडिओने लादलेले निवेदन व सुखान्त घेऊन. रिडली स्कॉट यांना मान्य असलेली प्रत यायला २००७ साल उजाडले.

'हेवन्स गेट'नंतर १९८१ मध्ये ट्रान्सअमेरिकाने युनायटेड आर्टिस्ट्स एमजीएमला विकली. चॅप्लिन, पिकफर्ड, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ ह्या कलावंतांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. तिच्या अंताचे खापर मात्र एका कलावंतावर फुटले. व्यवस्थापनाची चूक झाकली गेली, आणि दिग्दर्शकाला मोकळीक नाकारण्यासाठी पुढे कायमचा दाखला मिळाला.

त्या दाखल्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. १९८७ चा 'इश्तार' पाहा. सुमारे ५ कोटी डॉलर खर्चाच्या ह्या विनोदपटाचा अमेरिकेत दीड कोटीही गल्ला झाला नाही. तो प्रदर्शित होण्याआधीच वर्तमानपत्रांतून चर्चा चालली होती ती त्याच्या खर्चाची. कोलंबियाचे नवे प्रमुख डेव्हिड पटनम यांचे वॉरन बीटी आणि डस्टिन हॉफमन ह्या दोन्ही नायकांशी आधीपासून वाकडे होते, तेव्हा पाठराखण करणारेही कोणी नव्हते. हॉफमनला पुढच्याच वर्षीच्या 'रेन मॅन'साठी ऑस्कर मिळाले. सिमिनोलाही १९८५ पर्यंत 'इयर ऑफ द ड्रॅगन' मिळालेला होता. 'इश्तार'च्या दिग्दर्शिका एलेन मे यांना मात्र त्यानंतर कित्येक दशके एकही कथापट दिग्दर्शित करता आला नाही.