सर्वांत संथ मोटारीचा मान

फ्रान्सच्या पश्चिम भागातील ल माँ या नगराच्या दक्षिणेस तूर शहराकडे जाणारा जो सार्वजनिक राजमार्ग आहे, तो वर्षातील बहुतेक दिवस सामान्य वाहतुकीचा असतो आणि मोजक्या दिवशी मात्र रीतसर बंद करून शर्यतीच्या मोटारींच्या हवाली केला जातो. याच मार्गावर 2002 सालापासून, बहुधा एक वर्षाआड आणि बहुतेक वेळा जुलैच्या आरंभी, ‘ल माँ क्लासिक’ या नावाने जुन्या शर्यती मोटारींचा महोत्सव भरत आला आहे. 1923 पासून पुढील सुमारे सहा दशकांत ज्या जातीच्या मोटारी येथील चोवीस तासांच्या शर्यतीत धावल्या, त्यांचे कालखंडानुसार गट पाडून, शनिवारच्या दुपारपासून रविवारच्या दुपारपर्यंत, दिवसा आणि रात्रीही, त्यांना साडेतेरा किलोमीटरांहून किंचित लांब अशा संपूर्ण मार्गावर पुन्हा धावविण्याची ही योजना आहे. तिचे आकर्षण इतके दांडगे की इंग्लंड, बेल्जियम, जर्मनी, हॉलंड अशा देशांतून जुन्या मोटारींच्या धन्यांचे क्लब सहस्रावधी वाहने घेऊन तेथे उतरतात, आणि आयोजकही त्यांच्यासाठी क्लबवार मैदाने राखून ठेवतात.

अशा महोत्सवास क्लबाने कसे जावे, हा वरवर पाहता केवळ प्रवासाच्या बंदोबस्ताचा प्रश्न वाटतो. परंतु जुन्या यंत्रांचे जतन म्हणजे नेमके काय, या मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्याच बंदोबस्तात दडलेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटार ट्रेलरवर चढवून महोत्सवाच्या दारापर्यंत ओढीत न्यायची, तेथे पुसून-पासून हिरवळीवर उभी करायची आणि दोन दिवसांनी त्याच ट्रेलरवरून परत आणायची, ही एक रीत. आणि सर्व सभासदांनी आपापली मोटार स्वतः हाकीत, एकमेकांस सांभाळीत, समुद्र ओलांडून तेथे पोचायचे, ही दुसरी. माझा कौल निःसंशय दुसरीला आहे, आणि तो देताना मी एक अटही घालतो: अशा प्रवासाची संपूर्ण आखणी तांड्यातील सर्वांत संथ आणि सर्वांत नाजूक मोटारीच्या बेताने झाली पाहिजे.

या मताला ल माँच्या इतिहासाचाच आधार आहे. 1923 च्या मे महिन्यात तेथील मोटार क्लबाने जी पहिली शर्यत भरविली, तिचा हेतू केवळ वेगाचा विक्रम नव्हता. सामान्य प्रवाशास विकत घेता येण्याजोगी मोटार एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र न थकता चालते काय, तिचे दिवे उजाडेपर्यंत तग धरतात काय, याची ती परीक्षा होती. आरंभीच्या काही वर्षांत तर चालकाने मध्येच थांबून मोटारीचे कापडी छत स्वहस्ते उभारावे आणि ते तसेच ठेवून ठराविक फेऱ्या पुऱ्या कराव्यात असा दंडक होता; आणि वाटेत बिघाड झालाच तर दुरुस्ती चालकानेच, मोटारीत बरोबर घेतलेल्या हत्यारांनी करावी, असाही शिरस्ता होता. ज्या शर्यतीचा जन्मच प्रवासी मोटारीच्या कसोटीसाठी झाला, तिच्या स्मरणोत्सवास मोटार पाठीवर लादून नेणे म्हणजे त्या कसोटीलाच बगल देणे होय.

आता आखणीचा तपशील पाहू. समजा, एखाद्या इंग्लिश क्लबाच्या पंधरा-वीस मोटारी जावयाच्या आहेत आणि त्यांत बहुसंख्य अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात तयार झालेल्या एमजीबी आहेत. अशा वेळी चिटणीसाचे दफ्तर निदान वर्षभर आधी उघडले पाहिजे. क्लबाच्या नावाने मैदानातील जागेची मागणी वेळेत रुजू करावी लागते. ल माँच्या पंचक्रोशीतील खाणावळींच्या खोल्या फार लवकर भरत असल्याने मुक्कामाची तजवीज दूरच्या एखाद्या गावी करावी लागते. आणि बोटीवरील जागा तर सर्वांसाठी एकाच वेळी राखून ठेवाव्या लागतात. इंग्लंड-फ्रान्स यांमधील खाडीखालच्या बोगद्यातील आगगाडी फोकस्टनहून मोटारीसह पस्तीसेक मिनिटांत पलीकडे कॅलेस नेऊन सोडते खरी, परंतु तेथून ल माँपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटर महामार्गाने तापत जावे लागते. त्यापेक्षा पोर्टस्मथहून रात्रीच्या बोटीने निघून पहाटे काँ शहरानजीकच्या विस्त्रेआम बंदरात उतरावे. तेथून फालेझ, आर्जांताँ, आलाँसाँ अशी नॉर्मंडीतील जुनी गावे घेत जाणारा रस्ता दीड-पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास भरतो, आणि साठ वर्षांच्या मोटारीला तो मानवतो. दोन वाटांपैकी दुसरी निवडण्याचे कारण सृष्टिसौंदर्य हे नव्हे, अशक्त मोटारीची प्रकृती हे आहे.

कागदपत्रांची तरतूदही अशीच चोख असावी लागते: नोंदणीचे मूळ दस्तऐवज, विम्याचा परदेशात लागू असल्याचा दाखला, पारपत्राची पुरेशी शिल्लक मुदत, मोटारीच्या पाठीवर 2021 पासून ‘जीबी’ऐवजी लावावी लागणारी ‘यूके’ ही खूण, बिघाडाच्या प्रसंगी रस्त्यावर ठेवण्याचा लाल त्रिकोण, आणि हाती लागेल अशा ठिकाणी ठेवलेले चकाकते जाकीट. डाव्या बाजूने चालणाऱ्या देशातील दिव्यांचा झोत उजवीकडून चालणाऱ्या देशात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवितो, म्हणून काचेवर चिकटपट्टी लावून तो वळवावा लागतो. ही कलमे क्षुल्लक वाटतील. पण परमुलखात एकाच्या हलगर्जीपणाने सगळा तांडा खोळंबतो, हे ज्याने ध्यानी घेतले तोच क्लबाचा खरा कारभारी.

याहून मोठी जबाबदारी यंत्राच्या तपासणीची. ब्रिटनमध्ये 2018 पासून चाळीस वर्षांवरील, मूळ स्वरूपात फारसा फेरफार न झालेल्या मोटारींना वार्षिक सरकारी तपासणीतून सूट आहे. कायद्याने जेथे हात सैल सोडला तेथे क्लबाने तो आवळला पाहिजे. निघण्यापूर्वी महिनाभर आधी सर्व मोटारी एका आवारात आणून जाणत्या सभासदांनी एकमेकांच्या मोटारींचे ब्रेक, सुकाणू आणि टायर तपासावेत. जुन्या मोटारी वर्षभरात थोड्याच धावत असल्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते, आणि रबर मात्र वयोमानाने आतून ताठरलेले असते. नक्षी पाहून समाधान मानणारा धनी स्वतःस आणि मागून येणाऱ्यासही संकटात लोटतो. पेट्रोलचा प्रश्नही तसाच. इंग्लंडात 2021 पासून सर्रास मिळू लागलेल्या आणि फ्रान्सात त्याहून कितीतरी आधी आलेल्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर त्याने पाझरू लागतात, म्हणून नळ्या बदलून घ्याव्यात आणि शक्यतो कमी इथेनॉलचे पेट्रोल कोठे मिळेल ते नकाशावर आधीच टिपून ठेवावे. जुलैच्या उन्हात रांगेत खोळंबलेल्या मोटारीच्या नळ्यांत पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडते, त्यावर बॉनेट उघडून धीराने थांबणे हाच उपाय; आणि वेळापत्रकात अशा थांबण्याला जागा ठेवलेली असेल तरच तो धीर टिकतो.

सुट्या भागांची वाटणी हा तर क्लबाच्या एकोप्याचा कळसच म्हणावा. डायनॅमो, पाण्याचा पंप, पेट्रोलचा विजेवरचा पंप, फॅनबेल्ट, कॉन्टॅक्ट पॉइंट, कंडेन्सर, रोटर, प्रज्वलनाच्या तारा हे सर्व प्रत्येकाने वाहिले तर छोट्या दोन आसनी मोटारीत माणसास बसावयास जागा उरणार नाही. म्हणून यादी करून एकाने डायनॅमो, दुसऱ्याने पंप, तिसऱ्याने जॅक आणि ओढदोर असे वाटून घ्यावे, आणि कोणाजवळ काय आहे याची नक्कल प्रत्येकाच्या हाती असावी. रस्त्यावर निघताना सर्वांत संथ मोटार पुढून दुसरी ठेवावी. म्हणजे म्होरक्यास तिच्या चालीने चालणे भाग पडते. सर्वांत शेवटी चालणारी मोटार उत्तम मेकॅनिकची असावी आणि कोणी थांबला तर तिने थांबलेच पाहिजे. इंग्लिश मोटारीचा चालक उजव्या हाताला बसत असल्याने फ्रान्सात पुढच्या वाहनास ओलांडून जाताना त्यास समोरचा रस्ता दिसत नाही. तेथे शेजारी बसलेल्या माणसाचे डोळे हेच त्याचे डोळे होतात. एकट्याने करावयाचा हा प्रवासच नव्हे, ही गोष्ट यंत्राच्या रचनेनेच सिद्ध केली आहे.

कोणी म्हणेल, वेगाच्या तीर्थास जाताना संथपणाचे एवढे कौतुक कशासाठी? त्याचे उत्तर ल माँच्याच बखरीत आहे. 1963 साली पॅडी हॉपकर्क आणि ॲलन हचसन यांची एमजीबी आरंभीच मुलसानच्या वळणावर वाळूत रुतली. हचसनने स्वतःच्या हातांनी वाळू उपसून ती बाहेर काढीपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला, आणि तरीही ती मोटार उरलेला दिवस आणि रात्र चालत राहून बाराव्या क्रमांकाने शर्यत पूर्ण करती झाली. 1969 साली, इशारा होताच रस्ता ओलांडून धावत जाऊन मोटारीत उडी घेण्याची जी चाल तेथे पूर्वापार होती, तिच्या निषेधार्थ जाकी इक्स हा तरुण बेल्जियन चालक मुद्दाम चालत गेला, शांतपणे पट्टा बांधला आणि सर्वांच्या शेवटी निघाला. त्याच शर्यतीच्या पहिल्या फेरीत जॉन वुल्फ हा ब्रिटिश चालक अपघातात प्राणास मुकला. आणि चोवीस तासांनंतर इक्स व जॅकी ऑलिव्हर यांच्या फोर्डने पोर्शेला शंभर-सव्वाशे मीटरांच्या अंतराने मागे टाकून विजय मिळविला. पुढल्या वर्षी धावत जाण्याची ती प्रथा बंद झाली. आणि 1955 च्या जूनमध्ये याच ठिकाणी लव्हेग या चालकाची मर्सिडीज प्रेक्षकांत कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हे ज्यास ठाऊक आहे त्यास, पोचण्याची घाई न करणे हा या जागेचा पहिला धडा आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

दोन आक्षेपांचा परामर्श घेणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप धुराचा, आणि तो न्याय्य आहे. जुने इंजिन नव्यापेक्षा मैलागणिक अधिक धूर ओकते हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच असा प्रवास क्वचित व्हावा, एकही आसन रिकामे राहू नये, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक कार्ब्युरेटर नीट जुळविलेला असावा, हे बंधन क्लबांनी स्वतःवर घालून घ्यावे. दुसरा आक्षेप असा की मोलाची मोटार रस्त्यावर झिजते. परंतु उभ्या मोटारीचे ब्रेक गंजून अडकतात, तेलसील सुकतात, टाकीत पेट्रोल कुजते. आणि सर्वांत मोठी हानी ही की ती मोटार दुरुस्त करू शकणारे हात नाहीसे होतात. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेतही वाहनाचा प्रत्यक्ष वापर हा त्याच्या जतनाचाच भाग मानलेला आहे. वापर थांबला की ज्ञान थांबते, आणि ज्ञान थांबले की उरते ते केवळ लोखंड.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील वाहनांसाठी ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी निर्माण केली. नित्य वापरास तिच्यात मनाई आहे, पण प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि जुन्या वाहनांच्या फेऱ्या यांसाठी रस्त्यावर येण्याची मुभा आहे. ही मुभा मोलाची आहे, आणि तिचा उपयोग आपल्याकडील क्लबांनी शहरातल्या शहरात फुलांच्या माळा घालून मिरवण्यापुरता मर्यादित ठेवू नये. शिवाय पन्नास वर्षांची ही मर्यादा ज्यांनी गाठलेली नाही, अशा मोटारींचा वाली कोण? मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली प्रीमियर पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने रस्त्यावरून कायमची उतरली, तेव्हा हळहळ पुष्कळ झाली. परंतु हळहळीने मोटार चालत नाही. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्याचा खटाटोप एकट्या धन्याने सोसावा लागतो, सुटे भाग एकट्याने धुंडाळावे लागतात, आणि थकून तो ती भंगारात देतो. हाच भार क्लबाने वाटून घेतला, तर आजच्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसिडर पन्नाशी गाठतील.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक क्लबाने वर्षातून एक प्रवास असा योजावा, ज्यात मोटारी आपल्या चाकांवर मुक्कामी जातील आणि आपल्या चाकांवर परत येतील. ज्याचे वेळापत्रक सर्वांत संथ मोटार ठरवील. आणि ज्यात प्रत्येक चालकाच्या शेजारची जागा, पाना हाती धरावयास शिकू इच्छिणाऱ्या एखाद्या तरुण मुलास वा मुलीस दिलेली असेल. सरकारने अशा प्रवासास परवान्यांच्या जाळ्यात न अडकविता मोकळी वाट द्यावी, आणि क्लबांनी तपासणीच्या शिस्तीने त्या विश्वासास पात्र व्हावे. शर्यत कोणी जिंकली हे इतिहासात नोंदलेले आहेच. निघालेल्या सर्व मोटारी पोचल्या, एवढी एक नोंद आपण दरवर्षी स्वतःच्या हातांनी करावी, आणि ती करण्याची पात्रता अंगी यावी म्हणून वर्षभर राबावे.