पापण्यांचा सातबारा

गेल्या रविवारी सामना ऐन रंगात आला असता प्रत्येक षटकानंतर मस्काऱ्याची एकच जाहिरात इतक्या निष्ठेने हजेरी लावीत होती की, त्यातील युवतीच्या पापण्या मी आता अंधारातही ओळखीन. बंद खोलीत तिच्या केसांना वारा कुठून लागतो आणि झोपेतून उठतानाच तिचे ओठ रंगलेले कसे असतात, हे प्रश्न वाचकांना माझ्याकडून अपेक्षितच असतील. परंतु माझी तक्रार निराळी आहे. ‘आधी’चा डोळा सपाट, निस्तेज उजेडात खाली झुकलेला आणि ‘नंतर’चा डोळा मृदू प्रकाशात हनुवटीसह वर उचललेला, एवढी तजवीज केल्यावर ब्रश नुसता हवेत फिरवला तरी कार्यभाग साधावा.

सौंदर्यप्रसाधनांना तारकांचा आधार जुनाच. १९४१ साली आपल्या लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्याच होत्या. २००७ साली ब्रिटनमधील जाहिरात-नियामक संस्थेने लॉरियलला ताकीद दिली, कारण पेनेलोपे क्रुझ यांच्या पापण्यांत काही कृत्रिम केस बेमालूम मिसळले होते. आणि २०११ साली जुलिया रॉबर्ट्स यांची छापील जाहिरात, चित्रावर संगणकाचा हात किती फिरला हे सिद्ध न झाल्याने, बंद पाडली.

पापण्या चिकटवलेल्या असल्याची कबुली आता पडद्याच्या तळाशी येते खरी, पण पांढरी अक्षरे गोऱ्या गालावर! चष्मा सापडेतो ती अंतर्धान पावतात. मी पडद्याला नाक लावून उभा राहिलो, तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, शेजारी नाना बसलेत, निदान त्यांची तरी लाज बाळगा.”

नानांची हयात तहसील कचेरीत गेलेली. ते गंभीरपणे म्हणाले, “सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून रकाना असतो, कर्जाचा बोजा त्यात चढतो. या बाईंच्या पापण्यांवरचा बोजाही तिथेच चढवायला हवा. शिवाय फेरफाराला हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. इथे पंधरा सेकंद तरी मिळतात का?”

फेरफाराचे नाव निघाल्यावर नाना थांबणे अशक्यच. त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीच्या बांधावरचा आंबा चुलतभावाच्या नावे कसा लागला, ही हकीकत त्यांनी दिवेलागणीपर्यंत चालवली. नोटीस चावडीवर डकवल्याचा पंचनामा दप्तरात आहे, पंचांच्या सह्या आहेत; नोटीस मात्र गावात कोणीही पाहिलेली नाही.