पोलिसापुरता विमा

“पोलिसाला दाखवण्यापुरता काढ, फुल कशाला?” आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने चार वर्षांची जुनी गाडी घेतली, तर पार्किंगमध्ये जमलेल्या मंडळींनी त्याला हा सल्ला दिला. तो मला सहनच झाला नाही.

थर्ड पार्टी विमा पोलिसासाठी नसतोच. सकाळी दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी तो असतो. आपल्या गाडीखाली त्याचा पाय गेला, तर त्याचं घर चालावं म्हणून. 1988च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. नसला तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लोक त्या दोन हजारांचा हिशेब करतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने लाखोंची भरपाई ठरवली, तर ती विम्याविना घरदार विकून द्यावी लागेल, आणि विकायला काही नसलेल्याकडून त्या जखमी माणसाने काय घ्यायचं? 2022 साली ठरलेल्या दराने 1,000 ते 1,500 सीसीच्या गाडीचा वर्षाचा हप्ता 3,416 रुपये होता, करापूर्वी. मृत्यू आणि इजेच्या भरपाईला त्यात मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेला साडेसात लाखांची आहे.

यात आपल्या गाडीला मात्र काहीच मिळत नाही. चोरी, आग, अंगावर पडलेलं झाड, पूर, सगळं आपल्याच खिशातून. गाडी पार जुनी झाली असेल तर ठीक. चार वर्षांच्या गाडीला फुल हवाच, आणि हप्ता कमी दिसावा म्हणून तिची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, खाली ओढायची नाही. चोरी झाली की तोच आकडा हातात येतो.

आणि फुल म्हणजे सगळं आलं, असंही नाही. जुलै 2024मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, ते पुणेकर विसरलेले नाहीत. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघायचा मोह सगळ्यांना होतो. कृपा करून करू नका! हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. मग सर्व्हेअर म्हणतो, हे नुकसान पुराने नाही, तुम्ही चावी फिरवल्याने झालं. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर नसेल तर क्लेम बहुधा तिथेच अडतो. असलं तरी त्याच्या अटी वाचून घ्या. गाडी ढकलत बाहेर काढा, टो करून गॅरेजला न्या.

मुळात नदीलगत तळघरात पार्किंग काढायची परवानगी मिळते कशी? पूररेषा नकाशावर आखलेल्या असतात, इमारती त्यांच्या काठाला चिकटून उभ्या राहतात, आणि पावसाळ्यात उतारावरून पाणी थेट गाड्यांवर येतं. आमच्याही तळघरात एक पंप आहे. तो चालतो की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. चेअरमनसाहेब, मे संपायच्या आत तो एकदा सगळ्यांसमोर चालवून दाखवा.