हिशेबी माणूस लग्नात का चुकतो?

माझे अब्बा एसटीत कंडक्टर होते. रात्री डेपोत पैसे भरताना त्यांचा हिशेब रुपयानेही चुकत नसे. अशा माणसाने माझ्या बहिणीच्या लग्नात एका संध्याकाळी जो निर्णय घेतला, त्याचे हप्ते आम्ही पाच वर्षे फेडले.

हॉल आणि जेवण मिळून दीड लाख, असा आकडा आम्ही घरी ठरवला होता. हॉलवाल्याने सुरुवातीलाच साडेतीन लाख सांगितले. घासाघीस झाली, चहा झाला, शेवटी तो अडीचवर आला. 'लाखभर कमी केले' म्हणून अब्बा खूश होते. मीही होतो. आपला आकडा दीडचा होता, हे त्या रात्री कुणालाच आठवले नाही.

पुढे कितीतरी वर्षे मी मनातल्या मनात अब्बांना दोष देत राहिलो. मग डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ सालचा एक प्रयोग वाचनात आला. लोकांसमोर एक चक्र फिरवले जाई. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असे केले होते. नंतर प्रश्न विचारायचा : संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचाही संबंध नव्हता, तरी आधी पाहिलेल्या आकड्याने मन बांधले गेले. आमच्या हॉलवाल्याने हा प्रयोग कधी वाचला नसेल, पण त्यातले मर्म त्याला पक्के ठाऊक होते.

आपल्या मोहल्ल्यात लग्नखर्चावर बोलणारे काही कमी नाहीत. जुम्म्याच्या बयानात विषय निघतो, साध्या निकाहचे आवाहन होते, सगळे मान डोलावतात. पुढच्या महिन्यात त्यातलेच दोघे-तिघे कर्ज काढून वलीमा करतात. मग आपण म्हणतो, 'लोकांना अक्कल नाही.' मला हे पटत नाही. अक्कल असते, पण निर्णयाच्या घडीला ती हाताशी नसते.

यासंदर्भात २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास महत्त्वाचा आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची चाचणी घेतली. एकाच शेतकऱ्याला ऊस तुटण्याआधी, म्हणजे हात तंगीत असताना, आणि तुटल्यावर पैसे आले असताना तशाच प्रकारची कोडी घातली. माणूस तोच, पण तंगीच्या दिवसांत त्याचे गुण कमी आले. म्हणजे पैशाची चिंता डोक्यातली जागा अडवून बसते आणि विचाराला उरते ती थोडी. यावर वादही आहे. २०१६ साली अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशा चाचण्या झाल्या, तेव्हा बुद्धीच्या कसोटीत फरक दिसला नाही. मात्र पगाराआधी लोक उद्याच्या जास्त पैशापेक्षा आजच्या थोड्या पैशाकडे अधिक झुकत होते. आमच्या सांगली-मिरजेकडे उसाच्या बिलाची वाट पाहत ज्याने दुकानदाराची उधारी वाढवली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

'भावना बाजूला ठेवा, थंड डोक्याने ठरवा,' असा सल्ला हमखास मिळतो. मेंदूविज्ञान याबाबतीत सावध करते. अंतोनिओ दमासिओ या मेंदुतज्ज्ञाने एका रुग्णाची हकीकत लिहिली आहे. गाठीच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली. बुद्धीच्या चाचण्यांत तो उत्तम ठरे, पण भावना बोथट झाल्या होत्या. त्याला कुठे जेवायला जायचे हेही लवकर ठरवता येईना, आणि नोकरी, पैसा, संसार सगळे हातचे गेले. थोडक्यात, निर्णयाला भावना लागतेच. लेकीच्या लग्नात बापाचे मन भरून येणार नाही, तर कधी येणार? म्हणून त्याला दगड व्हायला सांगण्यापेक्षा, मन भरून येण्याआधीच निर्णय बांधून ठेवायला सांगावे.

हे आपल्या बायकांना फार आधी कळले आहे. माझी अम्मी भिशी लावायची. व्याज शून्य, मध्येच पैसे काढायची सोय नाही. शहाणीसुरती बाई असे का करते? घरात पैसे राहिले तर राहत नाहीत, हे तिला माहीत होते. फिलिपाईन्समधल्या एका बँकेने नेमके असेच खाते काढून पाहिले : ठरवलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, व्याजही जादा नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्या ग्राहकांना असे खाते देऊ केले त्यांची सरासरी बचत वर्षभरात इतरांच्या तुलनेत ८१ टक्के वाढली. त्यातल्या सगळ्यांनी खाते उघडलेही नव्हते.

मग आपण काय करावे? घरापुरते सांगायचे तर, स्थळ पाहण्याआधीच खर्चाचा आकडा कागदावर लिहावा आणि तो घरातल्या एखाद्या खमक्या चाचाकडे किंवा खालाकडे द्यावा. हॉल बघायला जाताना तो माणूस सोबत असावा. बयाना त्याच दिवशी देऊ नये, एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. कर्जाचा कागद पुढे आला की हप्ता किती हे विचारून थांबू नये. शेवटचा हप्ता कोणत्या ईदला संपेल, तेही विचारावे.

पण एकट्या बापावर सगळे सोडणे अन्यायाचे आहे. 'लोक काय म्हणतील' ही भीती खोटी नसते, लोक खरोखरच बोलतात. तिथे जमातीने पुढे यावे. आज मोठा हॉल हा रिवाज आहे आणि साधा निकाह करणाऱ्याला कारण द्यावे लागते. हे उलटे करता येईल. मशिदीत निकाह, मोजक्या घरच्यांचे जेवण, अशी तारीख जमातीनेच सुचवावी. ज्याला जास्त हवे त्याने खुशाल करावे, फक्त ते त्याला वेगळे मागावे लागेल. समोर तयार असलेली वाट माणूस सहसा सोडत नाही. मग गरीब बापाला 'जमातीचा रिवाज आहे' एवढे म्हणून मान ताठ ठेवता येईल.

अब्बा आता नाहीत. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी त्यांनी पावती नीट घडी घालून तिकिटांच्या जुन्या पेटीत ठेवली होती. ती अजून माझ्याकडे आहे. माझ्या मुलीच्या लग्नाचा आकडा मी त्याच पावतीच्या मागे लिहून ठेवला आहे. मुलगी अजून सातवीत आहे.