विसरवाडीवरून आठवलं!

दोस्तहो, धुळ्याहून सुरतेकडे जाताना महामार्गावर एक गाव लागतं, विसरवाडी. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं. एस.टी.च्या खिडकीतून पाटी वाचली की कुणीतरी म्हणतंच, "इथले लोक विसरभोळे असणार!" विसरवाडीकरांनो, रागावू नका हं. तुमच्या गावाच्या नावावरूनच मला एका विनोदी सिनेमाची गोष्ट आठवली. लोकांनी विसरावा म्हणून तो चक्क जाळला गेला!

सिनेमाचं नाव 'किस्सा कुर्सी का'. तो काढणारे अमृत नाहटा स्वतःच खासदार होते. खुर्चीसाठी काय वाट्टेल ते करणाऱ्या पुढाऱ्यांची त्यांनी फिरकी घेतली होती. त्यात 'जनता' नावाची एक मुकी मुलगी होती. कळलं ना, ती कोण?

एप्रिल १९७५ मध्ये सिनेमा सेन्सॉर बोर्डाकडे गेला. जूनमध्ये आणीबाणी आली, आणि सिनेमाला परवानगी नाकारली गेली. नाहटा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी सिनेमा बघायचं ठरवलं. तारीख पडली १७ नोव्हेंबर. पण बघणार काय? मुंबईहून रिळांच्या १३ पेट्या दिल्लीला आणून गुडगावच्या मारुती कारखान्यात जाळल्या, असं पुढे खटल्यात मांडलं गेलं. १९७९ साली खालच्या कोर्टाने संजय गांधी आणि माजी मंत्री विद्याचरण शुक्ल यांना शिक्षा सुनावली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. सिनेमा मात्र गेला तो गेलाच.

इंग्लंडातही बी.बी.सी.ने कित्येक विनोदी मालिका पुसून टाकल्या. पण का? टेप महाग, तीच पुन्हा वापरायची म्हणून! ती काटकसर होती. आपल्याकडे मात्र हसण्याचीच भीती वाटली.

असं बघा, फळ्यावर कुणी मॉनिटरचं गमतीदार चित्र काढलं, तर चांगला मॉनिटर स्वतःही हसतो. कच्चा मॉनिटर डस्टर शोधतो.

नाहटांनी हार मानली नाही. आणीबाणी उठल्यावर त्यांनी तोच सिनेमा नव्याने काढला. १९७८ साली तो थिएटरात लागला. मनोहर सिंग, शबाना आझमी, उत्पल दत्त यांची कामं होती त्यात.

आता तुमचं काम. आज आजी-आजोबांना विचारा, आणीबाणीत तुमच्या गावात लोक कशावर हसायचे, आणि कुठे गप्प बसायचे? जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. वही जपून ठेवा बरं का!