अ‍ॅप बंद होतंय, डेटा काढून घ्या म्हणे! पण काढायचा कसा?

३ जुलै २०२४ ला 'कू'चे संस्थापक अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी अ‍ॅप बंद करत असल्याचं जाहीर केलं. भागीदारीसाठी मोठ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली, टेक्नॉलॉजीचा खर्च झेपेना, ही कारणं त्यांनीच दिली. एके काळी रोज २१ लाख लोक यायचे, हाही त्यांचाच आकडा. बातम्या मात्र बहुतेक पैशांच्या झाल्या. कुणी किती गुंतवले, किती बुडाले वगैरे.

'कू' आधी कन्नडमध्ये आलं, मग मराठीसह इतर भाषांत. आपल्या भाषेत लिहू पाहणाऱ्यांसाठीच ते बनवलं होतं. तेव्हा खरा प्रश्न असा की लोकांनी चार वर्षं तिथे जे लिहिलं, त्याचं काय?

'जुन्या पोस्टी काय चाटायच्या आहेत?' असं वाटत असेल तर जुलै २०२१ चा पूर आठवा. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, कोल्हापूरची वाट बंद झाली. पाणी कुठल्या गल्लीत कुठवर आलंय, हे त्या दिवसांत लोक आपापल्या मोबाइलवरून टाकत होते. तेव्हा ती नुसती पोस्ट होती. आज घर बांधताना जोतं किती उंच घ्यायचं, हे ठरवायला तो तारखेसकटचा फोटो उपयोगी पडतो. आणि तो फोटो आहे कुणाच्या तरी सर्व्हरवर.

सोशल नेटवर्क बंद होताना पहिली अडचण येते मुदतीची. याबाबतीत 'ऑर्कुट'चं उदाहरण त्यातल्या त्यात बरं. गुगलने जून २०१४ मध्ये घोषणा केली, ३० सप्टेंबर २०१४ ला साइट बंद झाली आणि प्रोफाइल, स्क्रॅप, फोटो 'टेकआउट'मधून काढून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत वेळ दिला. शिवाय फोटो थेट 'गुगल प्लस'वर हलवायची सोय दिली. गंमत पुढे आहे. ते 'गुगल प्लस'च २ एप्रिल २०१९ ला बंद झालं! म्हणजे ज्यांनी भरवशाने सामान त्या घरात हलवलं, त्यांना पाच वर्षांत पुन्हा बोचकं बांधावं लागलं. त्यातही आधी ऑगस्ट २०१९ ही तारीख दिली होती. मग सव्वापाच कोटी लोकांच्या माहितीला धोका पोचवणारी त्रुटी सापडली आणि तारीख चार महिने अलीकडे आली. जाहीर झालेली मुदत पाळली जाईलच असं नाही.

'टिकटॉक'च्या वेळी तर मुदतच नव्हती. २९ जून २०२० च्या रात्री ५९ अ‍ॅपवर बंदी जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी अ‍ॅप बंद. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण शेतात, तालमीत, टपरीवर व्हिडिओ करून ज्यांनी फॉलोअर जमवले होते, त्यांना गाशा गुंडाळायलाही वेळ मिळाला नाही.

समजा वेळ मिळाला आणि झिप फाइल हाती आली. आता दुसरी अडचण, आणि ही खास आपली आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामवरून 'जेसन' प्रकारात डेटा उतरवला की मराठी मजकुराच्या जागी कचरा दिसतो, ही तक्रार डेव्हलपर लोक वर्षानुवर्षं करत आलेत. कारण साधं आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. 'कोल्हापूर' या शब्दात काना, मात्रा, उकार, हलन्त धरून ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. फाइल लिहिताना हे तीन-तीन बाइट एकत्र न ठेवता प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजून लिहिला जातो. मग नऊ चिन्हांच्या शब्दाची २७ तुकड्यांची खिचडी होते आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' दर दोन तुकड्यांनी डोळा मारतो. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही. दुरुस्ती कुणाला तातडीची वाटत नाही, त्यामागे हेच असावं असा माझा अंदाज.

घाबरू नका, मजकूर गेलेला नसतो. थोडं पायथन येत असेल तर तो 'लॅटिन-१' म्हणून एन्कोड करायचा आणि 'यूटीएफ-८' म्हणून डीकोड करायचा, एका ओळीचं काम. येत नसेल तर डेटा मागतानाच 'जेसन'ऐवजी 'एचटीएमएल' निवडा.

तिसरी अडचण मात्र कोडने सुटणारी नाही. फाइलमध्ये तुमच्या पोस्टी येतात, माणसं येत नाहीत. फॉलोअरची यादी मिळाली तरी ती नुसती नावं. 'मॅस्टोडॉन'वर नेमकं उलटं आहे. तिथे एका सर्व्हरवरून दुसरीकडे गेलात तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्टी मागेच राहतात. आणि हे जमायला जुना सर्व्हर जिवंत लागतो.

मग कायदा काय म्हणतो? युरोपात २०१८ पासून 'जीडीपीआर'च्या कलम २० नुसार आपला डेटा वापरण्याजोग्या स्वरूपात मागून दुसरीकडे न्यायचा हक्क आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात असाच हक्क होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्यातून ही तरतूद गायब. नव्या कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे तो डेटाचा सारांश मागायचा हक्क. सारांश, प्रत नव्हे! नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरी हे हक्क प्रत्यक्ष लागू व्हायला तिथून १८ महिने. त्यामुळे उद्या एखादं भारतीय अ‍ॅप बंद पडलं, तर एक्स्पोर्टचं बटण देणं न देणं बरंचसं कंपनीच्या मर्जीवर. माझ्या मते ही या कायद्यातली मोठी उणीव आहे, आणि डेटा डिलीट करायच्या हक्काची चर्चा जेवढी होते, तेवढी हिची होत नाही.

तोवर अ‍ॅप धडधाकट असतानाच फाइल मागवून ठेवा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये आपली माहिती उतरवून घ्यायचा पर्याय शोधा, तारखेत 'ऑल टाइम' निवडा, नाहीतर थोड्याच काळाचा डेटा हाती येईल. लिंक तयार झाली की चारच दिवस चालते, त्यामुळे लग्नाच्या गडबडीत मागवू नका. उतरवलेली फाइल फोनमध्येच पडू देऊ नका, पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवा. आणि झिप उघडून तुमची एखादी जुनी मराठी पोस्ट शोधून बघा. ती वाचता येत असेल तरच एक्स्पोर्ट झालं असं समजा.